सहपत्र : पदक, एक नग

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलात तर नीट ऐकू येणार नाही, आणि ही गोष्ट घसा ताणून सांगण्यासारखी नाही. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी पूर्वरंग रंगवतात, मग आख्यानाला हात घालतात. मी पूर्वरंग चार ओळींतच आटोपतो. गोष्ट आहे एका पदकाची आणि ते ज्याच्या छातीवर लागलं त्या डॉक्टरची. गोड मुळीच नाही. ऐकता ऐकता नाक मुरडाल, तोंड कडू होईल. पण शेवटी मी एक मागणं मागणार आहे. ते ऐकल्याशिवाय उठू नका.

डॉक्टर सैन्यातले. माणसांचे नव्हेत, जनावरांचे. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे सैन्याला अजूनही खेचरं लागतात, आणि खेचरांना डॉक्टर लागतो. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. त्या सकाळी ते चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आले, तर लेकीने ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांची तिन्ही पदकं मांडली होती, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ती एकेक घासत होती.

"बाबा, हे मधलं किती काळं पडलंय. कधी हात तरी लावला होतात का?"

"राहू दे काळं."

"राहू दे कसं? परवा काचेच्या पेटीत बसायचंय त्याला. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला घरात कुणी विचारत नाही."

"खरंच म्हणतील."

"झालं सुरू तुमचं," लेक म्हणाली, आणि पॉलिशच्या डबीत तिने पुन्हा ब्रश बुडवला.

तीन पदकांपैकी एक पंधरा वर्षं न मरता काढल्याबद्दल होतं, असं डॉक्टर स्वतःच थट्टेने म्हणत. दुसरं थंडीत बसल्याबद्दल. मधलं मात्र शौर्याचं. ते ज्या डेपोत होते, म्हणजे सैन्याची खेचरं जिथे ठेवतात तिथे, आता एक गौरव दालन उघडणार होतं. त्यात हे मधलं पदक मखमलीवर ठेवणार होते आणि शेजारी मानपत्र लावणार होते. मानपत्राची छापील प्रत घरी आली होती, लेकीने ती फ्रिजवर चिकटवली होती. 'साथीच्या प्रसंगी कठोर व अचूक निर्णय घेऊन अकरा बाधित जनावरे तत्काळ नष्ट केली आणि शेकडो जनावरांचे प्राण वाचवले.'

दूध काढायला फ्रिज उघडावा तर तो 'अचूक' डोळ्यांसमोर. डॉक्टरांनी गेले आठ दिवस चहा बिनदुधाचा प्यायला होता.

त्या सकाळच्या वीस दिवस आधी त्यांच्याकडे एक बाई आली होती. चाळिशीच्या आतबाहेरची. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. हातांची कातडी सोड्याने पांढरी पडून सुरकुतलेली. तिने पिशवीतून एक कागद काढला. तिच्या वडिलांच्या सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानाची नक्कल. 'मृत्यूचे कारण : स्वतःचा निष्काळजीपणा. शेरा : यापूर्वी आज्ञाभंगाबद्दल शिक्षा.'

"साहेब, डेपोत दगडी शिळा बसवतायत. कामावर असताना गेलेल्यांची नावं कोरलीत तिच्यावर. माझ्या वडिलांचं नाही. विचारलं तर म्हणाले, हा शेरा आहे. तुम्ही तेव्हा तिथे होतात. तुम्ही लिहून दिलंत तर नाव चढेल, असं तिथले हेडक्लार्क म्हणाले."

"काय लिहून देऊ?"

"एवढंच, की माझे वडील निष्काळजी होते की नव्हते. मी सहा वर्षांची होते. मला ठाऊक नाही. होते तर होते म्हणा."

डॉक्टरांनी कागद हातात धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. आणि म्हणाले, "बाई, बत्तीस वर्षं झाली. मला काही आठवत नाही."

तिने कागद घडीवर घडी करून पिशवीत ठेवला. "बरं साहेब. पाणी मिळेल का घोटभर?" लेकीने पाणी दिलं, ते पिऊन ती गेली. तिने खाली ठेवलेला पेला डॉक्टरांनी उचलला, मोरीपाशी नेला, आणि तिथे त्यांना भडभडून ओकारी झाली. लेक म्हणाली, "तरी सांगत होते, रिकाम्या पोटी गोळ्या घेऊ नका."

आता मागे चला. बत्तीस वर्षं.

सैन्यातल्या प्रत्येक खेचराला नंबर असतो, आणि तो तापल्या लोखंडाने त्याच्या खुरावर डागतात. दुखत नाही, खूर म्हणजे नखच. पण नख वाढतं. नंबर खाली खाली सरकतो, आणि नालबंद नाल बदलताना खूर तासतो तेव्हा तोही तासला जातो. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा डागावा लागतो. त्या साली दोन तुकड्यांची खेचरं एकत्र आली होती. नंबर सरमिसळ झाले होते, आणि मोठ्या साहेबांची तपासणी तोंडावर आली होती. म्हणून डॉक्टरांनी लेखी हुकूम काढला : सर्व जनावरे एका रांगेत बांधावीत आणि एक ते एकशेचाळीस असे नवे नंबर ओळीने डागावेत. हुकूम तारीखवार, सहीनिशी. रांग कशी माळेसारखी दिसली पाहिजे.

मग रोग निघाला. ग्लँडर्स. नाकातून पू वाहतो, अंगावर गाठी फुटतात, आणि तो माणसालाही लागतो. त्याची चाचणी अशी : डोळ्याच्या खालच्या पापणीत औषध टोचायचं, दोन दिवसांनी पाहायचं. पापणी सुजून डोळा चिकटला, तर ते जनावर गेलंच समजा. बुधवारी अकरा खेचरांच्या पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी खुरावरचे नंबर टिपून घेतले, तोंडी सांगितलं, "ही अकरा वेगळी बांधा," आणि वरच्या चौकीवर दुसऱ्या जनावराचा पाय मोडला होता म्हणून ते निघून गेले.

इथे नीट ऐका. सैन्यात तोंडी शब्द वाऱ्यावर जातो आणि लेखी शब्द दगडावरची रेघ. डॉक्टर नव्हते त्या दोन दिवसांत कोळसा आला, नालबंदाची भट्टी पेटली, आणि लेखी हुकमाप्रमाणे सगळी एकशेचाळीस जनावरं एका रांगेत येऊन नवे नंबर लेवून उभी राहिली. आजारी अकरासुद्धा. कुणाचीही चूक नव्हती. ज्याने त्याने हुकूम पाळला होता.

शनिवारी सकाळी वरून आदेश आला : बाधित जनावरे आजच्या आज नष्ट करा. सूज तोवर उतरली होती. डॉक्टरांनी खिशातली यादी काढली आणि रांगेपुढे उभं राहून नंबर पुकारले. जुने नंबर.

पहिल्या तीन गोळ्या झाल्या. चौथी होती 'आक्का'. म्हणजे नाव तिचं नंबरच, पण तिचा मोतद्दार तिला आक्का म्हणे. मोतद्दार म्हणजे खाजवणं-खुराक-पाणी बघणारा माणूस. हा मोतद्दार जनावरांना पाण्यावर नेताना बारीक शीळ घालायचा. शिळेवाचून त्याची खेचरं पाण्याला तोंड लावत नसत. म्हणून सगळे त्याला शीळवाला म्हणत. तो आक्काचा दोर सोडेना.

"साहेब, ही ती नव्हे."

"दोर सोड."

"हिची पापणी सुजली नव्हती साहेब. दोन दिवस मी हिच्या तोंडापाशी बसून होतो. नंबर परवा बदललेत."

चाळीस माणसं बघत होती. कुणीतरी मागून हसलं : "घ्या, आता शीळवाला डॉक्टरकी करणार." डॉक्टरांनी खाली पाहिलं. आक्काच्या खुरावरच्या आकड्याच्या कडा ताज्या काळ्या होत्या. जळक्या नखाचा वास अजून येत होता. आणि त्यांना कळलं. सगळं, एका क्षणात.

थांबता आलं असतं. "चूक झाली" हे दोन शब्द होते. पण ते चाळीस जणांसमोर म्हणायचे होते, आणि सोमवारी तपासणी होती.

"आज्ञाभंग," डॉक्टर म्हणाले. "याला बाजूला घ्या." आणि आक्काच्या कपाळावर त्यांनी स्वतः पिस्तूल टेकलं. त्यानंतर आणखी सात. आठही निरोगी, आणि आधीची तीनही. मेलेलं जनावर फाडून फुप्फुस पाहायचं असा नियम आहे. ते पाहिलं असतं तर स्वच्छ, गुलाबी निघालं असतं. म्हणून ते पाहिलं नाही. खड्ड्यात चुना ओतला आणि वर माती लोटली. तपासणी उत्तम झाली. मोठे साहेब म्हणाले, रांग माळेसारखी दिसते.

पुढचं माझ्याच्याने सांगवत नाही, पण आख्यान अर्ध्यावर सोडू नये. खरी आजारी अकरा रांगेतच राहिली. एकाच टाकीत तोंड घालून पाणी प्यायली. पंधरा दिवसांत निम्म्या रांगेच्या नाकाला धारा लागल्या, हिरव्या-पिवळ्या, दाट, दोरीसारख्या. त्या पुसायचं काम शिक्षा म्हणून शीळवाल्याला दिलं गेलं. रबरी हातमोजे मागवले होते. ते आले नव्हते. त्याच्या बोटाला कातरीची जखम होती. सहा आठवड्यांत त्याच्या अंगावर त्याच गाठी फुटल्या, नाकाला तीच धार लागली, आणि तो गेला. डॉक्टर त्याला एकदाच बघायला गेले, दारातूनच. तो नुसता बघत राहिला. परत येऊन त्यांनी अहवालात लिहिलं : स्वतःचा निष्काळजीपणा.

त्रेसष्ट खेचरं आणखी मारली, तेव्हा साथ थांबली. दुसऱ्या डेपोंत ती गेली नाही, हे खरं. वरच्यांना तेवढंच दिसलं. पदक आलं.

माझे एक जुने बुवा म्हणायचे, पाप केल्यावर देव शिक्षा देईल तर दया समजा. हारतुरे दिले तर घाबरा. डॉक्टरांना बत्तीस वर्षं हारतुरेच मिळाले होते.

समारंभाला मांडव होता, खुर्च्यांना पांढरी कापडं होती. डेपोचा कर्नल तरुण, आवाज मऊ, दुधावरच्या सायीसारखा. शिळेवर हिरवा पडदा होता. दालनात काचेची पेटी उघडून ठेवली होती, निळ्या मखमलीत पदकाच्या आकाराची गोल खळी आधीच कोरलेली. जणू खड्डा खणून तयार होता.

मानपत्र वाचलं गेलं. 'कठोर व अचूक.' टाळ्या. मग डॉक्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले. लेक पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून.

"मी चुकीची अकरा मारली," ते म्हणाले. "निरोगी होती ती. आजारी जिवंत ठेवली. एका मोतद्दाराने मला तोंडावर सांगितलं, त्याला मी शिक्षा दिली, आणि त्या शिक्षेतच तो मेला. या पदकाला माझा हात लावायची मला किळस येते."

कर्नलने हळूच पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ध्वनिक्षेपकात म्हणाला, "मंडळी, मोठी माणसं ही अशी असतात. स्वतःचं श्रेय घेत नाहीत, आणि एकेका मुक्या जिवाचं ओझं आयुष्यभर वाहतात."

आणि टाळ्या. आधीच्यापेक्षा मोठ्या. मागची माणसं उभी राहिली. एका बाईंनी डोळे टिपले. डॉक्टर त्या टाळ्यांकडे बघत राहिले. अंगावर कुणी कोमट पू ओतावा आणि म्हणावं अत्तर आहे, तसं त्यांना झालं. ते पुन्हा बोलायला वाकले, तर ध्वनिक्षेपक बंद केलेला होता.

खाली येऊन बसले तशी लेक कुजबुजली, "बाबा, काय हे. चारचौघांत. बरं झालं त्यांनी सावरून घेतलं."

"सावरून नाही घेतलं. झाकलं."

"चूक होते माणसाकडून. तुम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं?"

"चौथ्या खेचरापाशी माहीत झालं होतं. ते धरून आठ माहीत असून मारली."

समोर हिरवा पडदा सरकला, बिगूल वाजला, शिळेवर एकोणीस नावं दिसली. ती बघत लेक म्हणाली, "मग ती बाई आली होती. धुलाईखान्यातली. तिला तुम्ही आठवत नाही म्हणालात."

"हो."

तिने आपली खुर्ची उचलून जराशी बाजूला ठेवली. फार नाही, वीतभर. दोन दिवसांपूर्वी जिने पदक घासून लखलखीत केलं होतं, तिच्याच त्या वीतभराने डॉक्टरांना जे कळायचं ते कळलं. त्यांचा राग आला नाही तिला. नुसती शिसारी आली, नासक्या दुधाची येते तशी, आणि ती लपवायचे तिने कष्ट घेतले नाहीत.

कर्नल जवळ आला. "साहेब, चहापान होऊ दे, मग पदक पेटीत ठेवताना फोटो घेऊ."

"त्या एकोणिसांत विसावं नाव घालाल का?"

"साहेब, कागदावर शेरा आहे ना. भाषणावरून नावं चढत नाहीत. कागद लागतो."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "लेखी लागतं."

ते उठले आणि मांडवामागे कार्यालयात गेले. समारंभाच्या दिवशीही हेडक्लार्क टेबलावर बसून होता. असे लोक असतात म्हणून जग चालतं. चष्मा कपाळावर, समोर आवक-जावकची वही आणि रबरी शिक्का. डॉक्टरांनी कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. तारखा लिहिल्या. हुकूम क्रमांक लिहिला. चौथ्या जनावरापाशी काय कळलं ते लिहिलं. शीळवाला काय म्हणाला ते शब्दाला शब्द लिहिलं. मृत्यूचं कारण मी खोटं लिहिलं, असं लिहिलं. खाली सही केली.

हेडक्लार्कने कागद वाचला. एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "अर्ज म्हणून घ्यायचा का निवेदन म्हणून?"

"ज्याला कचऱ्याची टोपली दिसत नाही, असं काहीतरी म्हणून घ्या."

"तसं काही नसतं, साहेब. निवेदनं फायलीत जाऊन नस्तीबंद होतात. तुम्ही नुसता कागद दिलात तर उद्या कुणी म्हणेल, वय झालं होतं, आणि फाईल तळाला जाईल." तो वहीकडे बघतच म्हणाला, "सोबत काही जोडलेलं असलं तर गोष्ट वेगळी. सहपत्र असलं की त्याचा निकाल लावावा लागतो. परत करायचं का जप्त करायचं का, सही करून."

डॉक्टरांनी छातीवरून मधलं पदक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

हेडक्लार्कने कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडलं, नाडी ओवली, पदकाच्या कडीतून घेतली आणि गाठ मारली. वहीत लिहिलं, मोठ्याने म्हणत : "सहपत्र. पदक. एक नग." शिक्का उमटवला. नक्कल काढून तिच्यावरही शिक्का मारून दिली.

तेवढ्यात कर्नल शोधत आला. "साहेब, सगळे पेटीपाशी थांबलेत. पदक?"

"आवक झालंय, साहेब," हेडक्लार्क उठून उभा राहिला. "सहपत्र आहे. निकाल लागेपर्यंत काढता येत नाही."

"अहो, फोटोपुरतं द्या."

"वरच्या कार्यालयाचं पत्र आणा, आत्ता देतो."

कर्नलने कागद वाचायला घेतला. पहिल्या चार ओळींत त्याची साय फाटली. तो कागद खाली ठेवून गेला, आणि जाताना कागद धरलेली बोटं त्याने रुमालाला पुसली.

डॉक्टर तिथून रिक्षा करून थेट रुग्णालयात गेले. लेक बरोबर आली नाही. धुलाईखाना तळघरात होता. वाफ, सोडा, आणि धुण्याआधीच्या चादरींचा तो वास. ती बाई दुसऱ्या एकीबरोबर चादरीची टोकं धरून घडी घालत होती. त्यांना बघून तिने टोक सोडलं नाही.

"आठवलं का, साहेब?"

"विसरलोच नव्हतो. त्या दिवशी खोटं बोललो." त्यांनी नक्कल पुढे केली.

तिने हात पुसले, कागद घेतला, खिडकीखाली जाऊन वाचला. वेळ लागला. मग ती जागा सोडून नळापाशी गेली, चूळ भरली, आणि थुंकली.

"तुमच्या घरचं पाणी प्यायले होते मी," ती म्हणाली.

माफी मागायची नाही, एवढं एक डॉक्टरांना त्या दिवशी समजलं.

"आता पुढे काय?" तिने विचारलं.

"चौकशी लावतील. मला बोलावतील. तुम्हालाही."

"मी येईन. तुम्ही पण याच. जे लिहिलंय ते तोंडाने सांगा." तिने कागद सोड्याच्या ओल्या हातांपासून दूर, शर्टाच्या आत ठेवला. "पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसू नका."

"नाही बसणार," डॉक्टर म्हणाले, आणि जिना चढून वर आले.

फाईल अजून वरच्या कार्यालयात फिरते आहे, नाडीला लटकलेल्या पदकासकट. काचेची पेटी रिकामी आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा पदक पॉलिशला दिलंय असं सांगतात. शिळेवर एकोणीसच नावं आहेत. विसाव्यापुरती जागा खाली आहे, पण तिच्यावर छिन्नी अजून लागलेली नाही.

म्हणून माझं मागणं. दगड लिहील तेव्हा लिहील. तोवर, देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की एक क्षण थांबा, आणि त्या शीळवाल्याची आठवण काढा. चाळीस माणसं गप्प होती तेव्हा तो एकटा खरं बोलला, आणि आपल्या जनावराचा दोर हातातून ओढून घेईपर्यंत त्याने सोडला नाही. डॉक्टरांची आठवण काढलीत तरी चालेल, न काढलीत तरी चालेल. त्याची मात्र काढा.